लेझरने फोटो कोरून घेण्यापूर्वी

आम्ही बँकेत कारकुनी करतो. वीस वर्षे काउंटरवर बसल्यामुळे माणसांचे फोटो जेवढे आमच्या हाताखालून गेले, तेवढे एखाद्या स्टुडिओवाल्याच्याही हाताखालून गेले नसतील. मात्र ते सगळे टाचणी टोचलेले, डिंकाने फुगलेले, कोपऱ्यावर गोल शिक्का उमटलेले. अलीकडे वाई आणि आसपासच्या गावांतून येणाऱ्या माणसांची एक वेगळीच विनंती असते. गेलेल्या आईचे किंवा वडिलांचे खाते बंद करायला आलेला मुलगा सह्या झाल्या की हळूच विचारतो, "साहेब, खातं उघडतानाचा त्यांचा फोटो मिळंल का? दगडावर कोरून घ्यायचाय." असा फोटो काढून देता येत नाही. खातेदाराचे कागद ही बँकेकडची गोपनीय बाब असते. पण नाही म्हणताना वाईट वाटते, कारण अनेक घरांत त्या माणसाचा दुसरा फोटोच नसतो. आमच्या मागच्या पिढीत फोटो काढायला स्टुडिओत जाणे ही चैन होती.

आमच्यावरही हीच वेळ आली. त्या वेळी आम्ही काय चुकलो आणि मागाहून काय समजले, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. विज्ञानाशी संबंध दहावीपुरता. तेव्हा तज्ज्ञांनी या लेखातून काही शिकण्यासारखे नाही. ज्याला उद्या दुकानात जायचे आहे त्याच्यासाठी हा लेख आहे.

आमच्या आईचे २०१९ मध्ये निधन झाले. पहिल्या स्मृतिदिनी काळ्या ग्रॅनाइटवर तिचा फोटो कोरून घरात लावावा असे ठरले. चांगला म्हणावा असा एकच फोटो होता, १९८४ सालच्या मामाच्या लग्नातला, कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. त्यात आजी, मामा, मावशी आणि आई अशी चौघे. मूळ फोटो मावशीच्या पेटीत. मावशीच्या नातवाने मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला, आणि आम्ही तोच पुढे दुकानदाराला पाठवला. मोबाइलच्या पडद्यावर आई स्पष्ट दिसत होती. चेहरा पाच इंच उंच करा, असे आम्हीच सांगितले. आठ दिवसांनी दगड हातात आला तेव्हा डोळ्यांच्या जागी दोन काळी भोके, नाकाचा पत्ता नाही आणि गालावर चौकटी चौकटी. बायकोने दगड वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला. आम्ही दुकानदारावर रागावलो. तो बिचारा म्हणाला, "साहेब, तुम्ही जे दिलंत तेच कोरलं." हे खरे होते.

चूक कुठे झाली हे समजायला आधी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. लेझरला राखाडी रंग येत नाही. लेझर म्हणजे एका बिंदूवर एकवटलेला तीव्र प्रकाश. तो लाकडावर पडला तर लाकूड जळून काळे पडते, काळ्या ग्रॅनाइटवर पडला तर वरची चकाकी फुटून तिथे पांढुरका ठिपका उठतो. फोटो कोरताना ठिपका उठला किंवा उठला नाही, एवढेच दोन पर्याय बहुधा हाती असतात. मग गालावरची सावली, कपाळावरचा उजेड, पांढऱ्या केसांतली छटा हे सगळे दाखवायचे कसे? तर ठिपक्यांच्या दाटी-विरळपणातून. दाट ठिपके लांबून एक छटा दाखवतात, विरळ ठिपके दुसरी.

ही युक्ती लेझरपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८९४ मध्ये मुंबईत निघालेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला राजा रविवर्मांचा छापखाना आपल्याला ठाऊक आहे. तिथल्या शिळाछापाच्या चित्रांत कारागीर दगडावर हातांनी बारीक ठिपके देऊन छटा उतरवीत. पुढे हाफटोन ब्लॉक आले आणि वर्तमानपत्रांतून फोटो दिसू लागले. घरात भिंग असेल तर एखाद्या जुन्या स्मरणिकेतला किंवा वर्तमानपत्रातला काळा-पांढरा फोटो त्याखाली धरून पाहा. राखाडी काहीच नसते. असतात ते फक्त लहान-मोठे काळे ठिपके.

संगणक हे ठिपके कसे मांडतो याची एक रीत आम्हाला फार आवडली, कारण ती हिशेबाची आहे. आमच्या गावी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्याच वर्षी अमेरिकेत फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी ही रीत प्रसिद्ध केली. समजा, फोटोतल्या एका बिंदूची छटा सोळा आण्यांपैकी सहा आणे काळी आहे. ठिपका अर्धा देता येत नाही. द्यायचा तर पुरता, नाहीतर नाहीच. सहा आणे म्हणजे निम्म्यापेक्षा कमी, म्हणून ठिपका दिला नाही. मग सहा आण्यांचे देणे राहिले. ते बुडवायचे नाही, शेजाऱ्यांच्या खात्यावर ओढायचे. राहिलेल्या देण्याचे सोळा भाग करायचे. सात भाग उजवीकडच्या बिंदूला, तीन खाली डावीकडे, पाच सरळ खाली आणि एक खाली उजवीकडे. सात, तीन, पाच आणि एक, बरोबर सोळा आणे. असे ओढत ओढत गेले की शेवटी पानाचा ताळा जमतो आणि चेहरा दिसू लागतो. लेझरच्या दुकानात याला डिदरिंग म्हणतात. तिथे आणखीही दोन-तीन प्रकारांची नावे ऐकू येतील, त्यांपैकी काहींचे मूळही बाकी पुढे ओढण्यातच आहे.

आता मुख्य प्रश्न, ठिपके किती दाट हवेत? लेझरचे यंत्र शेतातल्या औतासारखे चालते. एक तास घालायचे, थोडे सरकायचे, पुन्हा दुसरे तास घालायचे. दोन तासांत किती अंतर ठेवायचे हे यंत्रावर ठरवता येते. अंतर एक दशांश मिलिमीटर ठेवले तर एका इंचात २५४ तासे बसतात, कारण इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. यालाच २५४ डीपीआय म्हणतात. आता फाळच जर रुंद असेल, तर तासे जवळ घेऊन काय होणार? नांगरलेलेच पुन्हा नांगरले जाईल. लेझरचेही तसेच आहे. दुकानांतून सर्रास असणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा ठिपका साधारण एक ते दोन दशांश मिलिमीटर रुंद असतो. त्याला ६०० डीपीआयवर चालवले तर ठिपक्यावर ठिपका चढतो, लाकूड सगळे कोळशासारखे काळे होते, दगड सगळा पांढरा होतो आणि मधल्या छटा जातात. म्हणून "सगळ्यात जास्त डीपीआयवर करा" असा आग्रह धरणाऱ्याचे पैसे आणि फोटो दोन्ही वाया जातात. बहुतेक कामांना २०० ते ३०० पुरे. एका फुटावरून पाहताना माणसाच्या डोळ्यालाही मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा फारसे बारीक दिसत नाही, त्यामुळे यात कमीपणा काही नाही.

इथून पुढचा हिशेब सोपा आहे. किती इंच कोरायचे त्याला डीपीआयने गुणा, म्हणजे फाइलमध्ये किती पिक्सेल हवेत ते कळते. सहा इंच रुंद आणि आठ इंच उंच चित्र २५४ वर कोरायचे तर १५२४ गुणिले २०३२, म्हणजे सुमारे ३१ लाख पिक्सेल. आजच्या साध्या मोबाइलचा कॅमेराही त्याहून जास्त पिक्सेल देतो. मग आमचे कुठे बिघडले? आम्हाला सबंध फोटो कोरायचा नव्हता, चौघांतला एक चेहरा कोरायचा होता. मूळ फोटो सहा इंच लांब, त्यात आईचा चेहरा पंधरा मिलिमीटर. व्हॉट्सॲपने पाठवताना फोटो लहान केला. लांबीला सोळाशेच्या आसपास पिक्सेल उरले. त्यातले चेहऱ्याच्या वाट्याला सुमारे १५७. ते आम्ही पाच इंचांवर ताणले. इंचाला ३१ पिक्सेल! यंत्र इंचाला २५४ तासे घालत होते आणि आम्ही त्याला बियाणे दिले ३१ दाण्यांचे. डोळ्यांची भोके झाली यात नवल ते काय?

या ठिकाणी अनेकांचा एक गैरसमज होतो, आमचाही झाला होता. फाइलच्या माहितीत ७२ डीपीआय असे दिसते, म्हणून ते खोडून ३०० लिहितात आणि फोटो सुधारला असे समजतात. तो आकडा फक्त चिठ्ठी आहे. पासबुकावर आपल्या हाताने शिल्लक वाढवून लिहिली म्हणून खात्यात पैसे येत नाहीत. खरी शिल्लक म्हणजे पिक्सेलची संख्या, आणि तीसुद्धा मूळ फोटोतून आलेली. संगणकाने मधल्या जागा भरून वाढवलेले पिक्सेल दिसायला मऊ दिसतात, पण त्यांत पापणीचा एक केसही नवा नसतो.

म्हणून पहिले काम मूळ फोटो मिळवण्याचे. भाऊबंदांच्या पेट्या, जुने अल्बम, लग्नपत्रिकांच्या पिशव्या पाहाव्यात. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची निगेटिव्ह मिळाली तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. ती २४ गुणिले ३६ मिलिमीटर एवढीशीच असते, पण निगेटिव्हच्या स्कॅनरवर २४०० वर घेतली तर लांबीला ३४०० पिक्सेल मिळतात, आणि छापलेल्या फोटोपेक्षा तिच्यात तपशीलही जास्त असतो. छापलेला फोटो असेल तर झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात सपाट काचेच्या स्कॅनरवर, काच पुसून, ६०० वर घ्यावा. पासपोर्ट आकाराचा, म्हणजे ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा फोटो ६०० वर घेतला तर ८२७ गुणिले १०६३ पिक्सेल होतात. २५४ वर कोरल्यास त्याचे सव्वातीन इंच रुंद आणि सव्वाचार इंच उंच चित्र व्यवस्थित येते. १२०० वर घेतला तर आकडा दुप्पट होतो, पण जुन्या कागदावर तेवढा तपशील बहुधा नसतो. वाढतो तो कागदाचा रवा आणि ओरखडे. तरीही एकदाच संधी असेल तर १२०० वर घेऊन ठेवावे, लहान नंतर करता येते. फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावा. फाइल पेन ड्राइव्हवर आणावी, आणि व्हॉट्सॲपवरच पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. २०२३ पासून त्यात एचडीची सोय आली आहे, पण त्यातही फोटो दाबला जातोच.

कुणाकडे मूळ फोटो नसून फक्त जुन्या स्मरणिकेत किंवा वर्तमानपत्रात छापलेला फोटो असतो. त्याची गंमत निराळी. तो आधीच ठिपक्यांचा आहे. त्यावर स्कॅनरच्या जाळीचे ठिपके आणि वर लेझरचे, असे एकमेकांवर पडले की चेहऱ्यावर चटईसारखी नक्षी उठते. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की लाटा दिसतात, तसेच हे. यासाठी फोटो मोठ्या डीपीआयवर स्कॅन करून थोडा धूसर करतात आणि मग आकार कमी करतात; छापील ठिपके एकमेकांत मिसळून छटा परत येतात. काही स्कॅनरमध्ये डीस्क्रीन नावाची सोयही असते.

फोटो चांगला मिळाला की मग रंगरूपाचे काम. मागचा मंडप, खुर्च्या, दुसऱ्यांचे खांदे काढून टाकावेत. नाहीतर तिथेही ठिपके उठतात आणि चेहरा गर्दीत हरवतो. रंगीत असेल तर काळा-पांढरा करावा. उजेड आणि सावलीतला फरक कागदावर छापताना ठेवतो त्यापेक्षा थोडा जास्त ठेवावा, डोळे, ओठ आणि केसांच्या कडा किंचित धारदार कराव्यात, कारण ठिपक्यांत थोडी धार जातेच. ग्रॅनाइटसाठी चित्र उलटे करावे लागते, निगेटिव्हसारखे. लाकडावर लेझर काळे करतो, ग्रॅनाइटवर पांढरे करतो, म्हणून. बहुतेक दुकानदारांना हे ठाऊक असते. तरी विचारून घ्यावे. पारदर्शक ॲक्रिलिकवर मागच्या बाजूने कोरायचे असेल तर चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे फिरवावे. आणि रेक्झिन किंवा पीव्हीसीच्या पाटीवर लेझर चालवा असा आग्रह कुणी धरू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी, यंत्र गंजवणारा वायू निघतो.

सगळे झाले की चित्र कोरायच्या नेमक्या आकाराला आणावे आणि मगच डिदरिंग करावे. त्यानंतर आकार एक सुतानेही बदलू नये, जेपीईजीमध्ये साठवू नये. पीएनजी किंवा बीएमपीत ठेवावे. ठिपके मांडून झाल्यावर आकार बदलणे म्हणजे घातलेल्या रांगोळीवरून हात फिरवणे.

दगडाबद्दल थोडे सांगायला हवे. आपल्याकडचा काळा पाषाण छिन्नी-हातोड्याचा. वाई तालुक्यातल्या किकलीला वीरगळ पाहिले तर लढून पडलेला माणूस, त्याचे शस्त्र, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, सगळे दिसते. दिसत नाही तो त्याचा चेहरा. कार्ल्याच्या चैत्यगृहात दात्यांची नावे खांबांवर दोन हजार वर्षे टिकली आहेत. साध्या माणसाचा चेहरा दगडावर जसाच्या तसा उतरवण्याची सोय मात्र आपल्याच पिढीला लाभली. त्यासाठी दगड बारीक दाण्याचा, एकसारखा काळा आणि आरशासारखी चकाकी असलेला लागतो. करडा, ठिपकेदार ग्रॅनाइट स्वस्त पडतो, पण त्याच्या स्वतःच्याच ठिपक्यांत फोटोचे ठिपके हरवतात. आणि त्याच दगडाच्या तुकड्यावर आधी दोन इंचांचा नमुना काढून घ्यावा, दुकानदाराने कंटाळा केला तरी.

आता आमची दुसरी खेप. मावशीकडे जाऊन मूळ फोटो आणला, १२०० वर स्कॅन केला. आईचा चेहरा सातशे पिक्सेल भरला. या वेळी दुसऱ्या एका दुकानात गेलो. तिथला मुलगा हुशार आणि कामाला तत्पर. त्याने आमच्यासमोर मोबाइलवरच्या एका सुधारणाऱ्या ॲपमध्ये चेहरा टाकला आणि क्षणात तो असा लखलखीत झाला की आम्ही पाहतच राहिलो. पापण्या मोजून घ्याव्यात अशा. मग आम्ही चश्मा पुसून पुन्हा पाहिले. आईच्या कपाळावर गोंदण होते, हनुवटीवर एक ठिपका होता. दोन्ही गायब. ॲपला ते डाग वाटले. पापण्याही आईच्या नव्हत्या. ॲपने पाहिलेल्या हजारो चेहऱ्यांवरून बसवलेल्या होत्या. बाई छान होती, पण ती आमची आई नव्हती. त्या मुलाने वर विचारले, "रंग जरा उजळ करू का? सगळे करून घेतात." त्याच्या मनात वाईट काही नव्हते. आम्ही नको म्हटले.

इथे एक बारीक फरक आहे तो समजून घ्यावा. सावळा चेहरा काळ्या दगडावर कोरताना मधल्या छटा थोड्या वर उचलाव्याच लागतात, नाहीतर गाल आणि केस एक होऊन जातात. ते तंत्राचे काम आहे. ते करताना कपाळ, गाल, मान यांच्यातला आपापसातला फरक जसाच्या तसा राहतो. गोरे करणे म्हणजे तो फरकच पुसून टाकणे. दुकानात बसून, मूळ फोटो शेजारी धरून, आपल्या डोळ्यांनी हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. आम्ही दीड तास बसलो. मुलगा वैतागला असावा, पण त्याने चहा पाजला. ॲपची प्रत टाकून दिली, ओरखडे तेवढे हातांनी भरले, गोंदणाला हात लावला नाही.

चेहरा किती मोठा करायचा यावर घरात वाद झाला. धाकट्या भावाला मोठाच हवा होता. सातशे पिक्सेल भागिले २५४, म्हणजे पावणेतीन इंच. त्यापुढे ताणायचे नाही, असे आम्ही कागदावर मांडून दाखवले. शेवटी सहा बाय आठच्या दगडावर अडीच इंचांचा चेहरा, भोवती मोकळा काळा दगड आणि खाली नाव, असे ठरले. लांबून तो लहान दिसतो हे खरे. जवळ जावे लागते.

तयार झालेला दगड घेऊन आधी मावशीकडे गेलो, मूळ फोटोही परत द्यायचा होता. मावशीला आता कमी दिसते. तिने बोट फिरवले. काळ्या ग्रॅनाइटवर उजेडाच्या जागी लेझर पडतो आणि अंधाराच्या जागी दगड तसाच राहतो. त्यामुळे कपाळावर जिथे गोंदण आहे तिथे लेझर लागलेलाच नाही, तेवढी जागा गुळगुळीत आहे. तिच्या बोटाला ते बरोबर समजले. म्हणाली, "आमी दोघींनी एकाच दिशी गोंदून घ्यातलं हुतं. ही लई रडली हुती."

मूळ फोटो आता साध्या कागदी पाकिटात घालून तिच्या पेटीत ठेवला आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. स्कॅनची मूळ फाइल, काहीही न बदललेली, भावाकडे एक आणि आमच्याकडे एक अशी दोन ठिकाणी आहे. त्याच फोटोतले आजी आणि मामा यांचे चेहरेही त्या दिवशी १२०० वर येऊन पडले आहेत.